दोष मशीनचाच

“गेलं,” यन्नममामा म्हणाले आणि कीबोर्डवरचे दोन्ही हात त्यांनी झटक्यात उचलून घेतले.

स्क्रीनवर हिरवे आडवे पट्टे आले, थरथरले, मग सगळं काळं झालं आणि माझं मशीन आपलं आपण पहिल्यापासून सुरू व्हायला लागलं. सकाळपासूनची ही चौथी वेळ. टॉवेलच्या काठावरच्या तीन मोरांच्या नुसत्या बाह्यरेषा मामांनी तासभर खपून काढल्या होत्या. त्यांतली एकही सेव्ह झाली नव्हती.

“बिराजदारबाई,” मागून आवाज आला. “हे नवं आहे ना?”

दारात श्रीनिवासअण्णा उभे होते. कारखाना त्यांचा. पलीकडच्या शेडमध्ये चादरी आणि टॉवेलचे चाळीस माग धडधडत होते आणि त्या आवाजात अण्णा कधी येऊन उभे राहिले ते मला कळलंच नव्हतं.

“नवंच आहे अण्णा. नव्या मशीनला बसायला एक-दोन दिवस लागतात,” मी म्हणाले. असं काही नसतं. भीतीपोटी माणूस वाट्टेल ते शास्त्र तयार करतो.

“बसू दे की. पण शनिवारी बाराला बेंगळुरूचा व्यापारी येतोय. त्याला डिझाईन स्क्रीनवर बघायचंय, रंग बदलून बदलून. तवर बसलं तर बसलं.” मग मामांकडे न बघताच ते म्हणाले, “नाहीतर इचलकरंजीचा एक डिझायनर तयार आहे. त्याचं मशीन तो घेऊनच येतो. मामांनी मग घरी आराम करायचा.”

अण्णा गेले. मामांनी खिशातून पितळी भिंग काढलं, रुमालानं पुसलं आणि परत खिशात ठेवलं.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची, सोलापुरातल्या अक्कलकोट रोडवरची. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि माझ्याइतकं कॉम्प्युटरमधलं सोलापुरात कुणालाच कळत नाही असं माझं प्रामाणिक मत होतं. हार्डवेअरचा कोर्स केला होता, नव्या पेठेतल्या एका दुकानात दोन वर्षं दुसऱ्यांच्या नावाची मशीनं जोडली होती. हे मात्र स्वतःच्या नावावर जोडलेलं पहिलं. मामा एकसष्ट वर्षांचे. मल्लेशम यन्नम त्यांचं नाव, पण कारखान्यात सगळ्यांचे ते मामा. चाळीस वर्षं ते ग्राफच्या कागदावर बारीक बारीक चौकोन रंगवत आले होते. एक चौकोन म्हणजे एक धागा. त्या ग्राफवरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि त्या भोकांवरून मागानं नक्षी विणायची. सोलापुरी चादरीवरचे कितीतरी मोर आणि हत्ती मामांच्या हातचे होते. डावा डोळा मिटायचा, उजव्याला भिंग लावायचं आणि धागे मोजायचे, ही त्यांची जन्माची सवय.

अण्णांनी कागद बंद करायचं ठरवलं तेव्हा मामाही बंद होणार होते. मी अण्णांच्या ऑफिसात बिलांचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला जायची. तिथंच ऐटीत बोलून गेले, “मामांना मी महिन्याभरात शिकवते.” आणि शिकवलं, त्याच बिलांच्या कॉम्प्युटरवर. मामा मला अम्मा म्हणायचे. त्यांच्या तेलुगू बोलण्यात लेकीबाळींना तसंच म्हणतात. “अम्मा, हे तर ग्राफच आहे की,” पहिल्याच दिवशी स्क्रीनला भिंग लावून ते म्हणाले होते. “नुसतं काचेवर काढलंय.”

म्हणजे मशीन बंद पडलं तर मामांची चाळीस वर्षांची जागा जाणार होती, आणि त्यांना त्या मशीनवर ओढून आणणारी मी होते. त्या मंगळवारी रात्री मी कोर्सच्या जुन्या वह्या उघडून बसले.

बुधवारी सकाळी मी स्क्रू ड्रायव्हरचा डबा घेऊन हजर झाले. हेच मशीन माझ्याकडे दोन दिवस अखंड चाललं होतं, एकदाही बंद पडलं नव्हतं. इथं तासाला मरत होतं. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्ट्या काढून परत बसवल्या, पॉवर सप्लाय बदलून पाहिला. पट्टे येतच राहिले. मग एक वाजता जेवणाची सुट्टी झाली, माग थांबले आणि मशीन अर्धा तास गुण्यागोविंदानं चाललं. दीडला माग सुरू झाले आणि मोर पुन्हा हिरव्या पट्ट्यांत गेला.

मी टेबलावर तळहात ठेवला. चाळीस मागांच्या धक्क्यानं ते टेबल आतून थरथरत होतं.

खोकं उघडून मदरबोर्ड पूर्ण बाहेर काढला. बोर्ड ज्यांवर बसवतात त्या पितळी खुंट्यांमध्ये एक जास्तीची होती. मशीन जोडतानाच ती काढायची मी विसरले होते. हादरे बसले की बोर्ड किंचित वाकायचा आणि खालून त्या खुंटीला टेकायचा. शिकाऊ माणसाची चूक. मी खुंटी काढून मुठीत लपवली आणि वर पाहिलं तर मामा बघत होते.

“सापडलं?”

“सापडलं.”

“कुणाचं चुकलं होतं?”

“माझं.”

मामा हसले. “अण्णाला सांगू नको. चाललं की झालं.”

त्यानंतर मशीन एकदाही बंद पडलं नाही. संध्याकाळपर्यंत एक मोर पुरा झाला, पिसाऱ्यातल्या प्रत्येक डोळ्यासकट. मी दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

गुरुवारी सकाळी मी सहज बघायला म्हणून गेले.

“अम्मा, पट्टे गेले,” मामा हळू आवाजात म्हणाले. “पण धूर राहिलाय.”

“कसला धूर?”

“इथं. डाव्या कडेला. काळपट दिसायलंय. आणि मधनंच बारीक बिजली मारती.”

मी पाहिलं. डावी कड उजव्या कडेइतकीच स्वच्छ होती. खुर्चीत बसून पाहिलं, वाकून पाहिलं, लांब जाऊन पाहिलं. मला काही दिसेना. मेकॅनिक समोर आला की लपून बसणारा बिघाड सगळ्यांत वाईट. तो नेमका गिऱ्हाईक आलं की बाहेर पडतो.

“आत्ता आहे?”

“आहे की.” मामांनी डावा डोळा मिटून स्क्रीनला भिंग लावलं. “आता नाही. भिंगातनं बघितलं की एकदम साफ. नुसतं बघितलं की धूर.”

हे मी वहीत लिहून घेतलं. आणि त्यावरून मोठा निष्कर्ष काढला, अगदी इंजिनिअरच्या थाटात: जवळून एकेक ठिपका बरोबर आहे, लांबून पूर्ण चित्र बिघडतंय, म्हणजे मॉनिटरची फ्रीक्वेन्सी कमी पडतेय किंवा मागांच्या मोटारींचा त्रास होतोय. मी मॉनिटर भिंतीपासून हलवला, फ्रीक्वेन्सी वाढवली.

“आता?”

“कमी वाटायलंय,” मामा म्हणाले. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले हे मला आता कळतं. तासाभरानं त्यांनी स्वतःच सांगितलं, “वाढलाय अम्मा. काल एवढासा होता.”

मी वायर बदलली. ग्राफिक्स कार्ड बदललं. रिक्षा करून घरचा मॉनिटर आणला, तर धूर त्याच्यावरही हजर, त्याच डाव्या कडेला. मग माझा संशय यूपीएसवर गेला, तोही काढून टाकला आणि मशीन सरळ भिंतीतल्या प्लगला जोडलं. दर वेळी मामा शेजारी उभं राहून मन लावून बघायचे आणि म्हणायचे, “अजून काही बदलून बघ की.” एवढा सोशिक माणूस, पण बदलायच्या बाबतीत मात्र माझ्यामागं लागला होता. दुपारी त्यांच्या डाव्या हाताशी चहा ठेवला होता, तो त्यांच्या कोपरानं उडाला. कीबोर्ड थोडक्यात वाचला.

“मामा, बघून तरी!” मी ओरडले. अडतीस वर्षांनी मोठ्या माणसावर मी ओरडले. ते उठून फडकं आणायला गेले.

जाताना अण्णांनी मला गाठलं. “उद्या संध्याकाळी तीन मोर रंगासकट दाखवायचे. नाहीतर मी इचलकरंजीला फोन करतो.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझं नाव जाईल याची भीती होतीच, पण मामा भिंग पुसून खिशात ठेवताहेत हेच सारखं डोळ्यांपुढं येत होतं.

शुक्रवारी साडेदहाला तिसरा मोर अर्ध्यावर होता. मी मामांच्या उजव्या बाजूला बसले होते. ऑफिसच्या त्या खोलीला खिडकी नव्हती आणि सुताची धूळ येते म्हणून दार कायम लावलेलं असायचं.

तेवढ्यात लाईट गेली.

शेडमधले चाळीसच्या चाळीस माग एकदम थांबले. यूपीएस मीच काढून ठेवला होता, त्यामुळे स्क्रीनही त्याच क्षणी मेली. खोलीत मिट्ट काळोख आणि अशी शांतता, की मामांचा श्वास ऐकू येत होता.

“बघ,” अंधारात मामा म्हणाले. “परत मारली.”

“काय?”

“बिजली. तीच की. डाव्या कडेला.”

मी समोर पाहिलं. समोर काहीच नव्हतं. काचेचा एक मेलेला डबा होता आणि त्याला वीज नव्हती.

“मामा, मशीन बंद आहे.”

अंधारात मामांची खुर्ची करकरली.

इथं मला एक सांगितलंच पाहिजे, कारण हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. त्या अंधारात मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर आनंद. हायसं वाटलं मला. माझं मशीन चांगलं आहे, माझा काही दोष नाही, असं वाटून मी खुर्चीत सैल झाले. दोन श्वास, फार तर तीन. मग खरी भीती आली. मला डोळ्यांतलं काही कळत नव्हतं. पण बंद स्क्रीनवर वीज चमकत नाही एवढं कळत होतं.

मी उठून दार उघडलं. व्हरांड्यातला उजेड आत आला.

“मामा, उजव्या डोळ्यावर हात ठेवा.”

“कशाला?”

“ठेवा ना. आणि माझ्याकडे बघा. काय दिसतंय?”

त्यांनी उजवा डोळा झाकला. जन्मात बहुधा पहिल्यांदाच त्यांनी तो झाकला असेल.

“तू दिसायलीस,” ते म्हणाले. “नाक दिसायलंय. हा कान दिसायलाय.” मग थांबले. “तो कान नाही.”

“नाही म्हणजे?”

“नाही. खांदा पण नाही. तिकडं काहीच नाही, अम्मा.”

मी दुसऱ्या बाजूला माझा हात हलवत होते. त्यांना तो दिसत नव्हता.

“कधीपासून?” मी विचारलं. “गुरुवारपासून?”

मामांनी हात खाली घेतला. “रविवारपासून.”

रविवारी मशीन कारखान्यात आलंच नव्हतं. सोमवारी आलं होतं. नारळ फोडला होता, मामांनी स्वतः मॉनिटरला हळदकुंकू लावलं होतं.

“रविवारी घरी बिजली मारली, बारीक काळे ठिपके आले,” मामा जमिनीकडे बघत म्हणाले. “मला वाटलं, गेला डोळा. डिझायनरचा डोळा गेला तर राहिलं काय? घरात बोललो नाही. मग मंगळवारी तुझ्या मशीननं पट्टे मारले. सगळ्यांसमोर मारले, अण्णानं बघितलं, तू बघितलीस. मला इतकं बरं वाटलं बघ. म्हटलं, मशीनचाच दोष आहे, माझा नाही. तू बदलत होतीस तवर वाटायचं, आता हे बदललं की जाईल.”

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यांचा आणि माझा. धूर भिंगातून दिसत नाही, हे मी माझ्या हातानं वहीत लिहिलं होतं; भिंग लावताना मामा डावा डोळा मिटतात, एवढंच ध्यानात घेतलं नव्हतं.

“चला. आत्ता दवाखान्यात जायचं.”

“उद्या,” मामा म्हणाले. “उद्या बाराला व्यापारी येऊन गेला की लगेच. एका दिवसानं काय होतंय?”

“मामा, तो वाढतोय. तुम्हीच म्हणालात.”

“आज उठलो तर अण्णाला काय सांगू? डोळा गेला म्हणून? तो लगेच फोन लावतोय की. मग डोळा राहून करू काय मी?” त्यांनी माझं मनगट धरलं. “एवढा मोर पुरा होऊ दे. तुझ्या पाया पडतो, अम्मा.”

तेवढ्यात लाईट आली. माग एकामागून एक धडधडायला लागले, आणि माझं मशीन, जे आता कधीच बंद पडणार नव्हतं, शहाण्यासारखं सुरू झालं. मामा लगेच खुर्चीकडे वळले.

मी विचार केला असं म्हणता येणार नाही. मी खाली वाकले, मशीनचा प्लग ओढला, झाकण काढलं आणि रॅमच्या दोन्ही पट्ट्या उपसून पर्समध्ये टाकल्या. मग प्लग परत लावून बटण दाबलं. मशीन बीप-बीप करून कोकलायला लागलं आणि स्क्रीन काळी ती काळीच राहिली.

“काय केलीस?” मामा खुर्चीतच गोठले होते.

“मशीन गेलं, मामा. आता आज काम होत नाही. तुम्ही बसून काय करणार? चला.”

त्या आवाजानं अण्णा आलेच.

“आता काय?”

“गेलं अण्णा,” मी म्हणाले. “मदरबोर्डच गेला. माझं चुकलं. बसवतानाच मी चूक केली होती. उद्यापर्यंत होणार नाही.”

“होणार नाही म्हणजे? व्यापाऱ्याला काय दाखवू, तुझं तोंड?”

“मामांचे कागदावरचे जुने मोर आहेत ना कपाटात.”

अण्णा जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. बायकांनी या धंद्यात येऊच नये, हे त्यातलं सगळ्यांत सौम्य. मी मान खाली घालून ऐकलं. मध्ये फक्त एवढं म्हणाले, “मला चक्कर आल्यासारखं होतंय. मामा, तेवढं रिक्षापर्यंत सोडता का मला?”

“सोडा, सोडा तिला,” अण्णा म्हणाले, “आणि परत इथं दिसली नाही पाहिजे.”

रिक्षात मामा तोंड फिरवून बसले होते. डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब घातले, डोक्याला दिवा बांधून बराच वेळ पाहिलं आणि मग मला बाहेर बोलावलं.

“मुलगी का तुम्ही?”

“हो,” मी म्हणाले.

“डोळ्याच्या आतला पडदा सुटत चाललाय. मधल्या भागाच्या अगदी कडेपर्यंत आलाय. आजच पुण्याला हलवा, ऑपरेशन लागेल. उद्या संध्याकाळी आणलं असतं तर मधला भागही गेला असता, मग पडदा परत बसवून फारसा उपयोग नसतो.” आणि त्या पुढं म्हणाल्या, “सुरुवातीलाच आले असते, तर नुसत्या लेझरनं भागलं असतं. पाच दिवस काय करत होता?”

मी काय करत होते ते मला माहीत होतं. मी वायर बदलत होते.

त्यांच्या बायकोला, राजम्मांना, घरून घेतलं आणि दुपारी दोनला दोघांना भाड्याच्या गाडीनं पुण्याला रवाना केलं. हादरा बसू द्यायचा नव्हता म्हणून मामांचं डोकं उशांमध्ये टेकवून ठेवलं होतं. गाडी सुटली तेव्हा रॅमच्या पट्ट्या माझ्या पर्समध्येच होत्या. मी तिथंच फुटपाथवर बसले आणि मोठ्यानं रडले.

शनिवारी व्यापारी आला. अण्णांनी त्याच्यासमोर मामांचे कागद पसरले. त्यानं त्यातलाच एक मोर निवडला आणि रंगाचं आपण फोनवर बघू म्हणाला. “कागद बंद पडत नाही,” असं अण्णा नंतर वर्षभर भेटेल त्याला सांगत होते. इचलकरंजीला फोन गेला नाही. माझं मशीन रविवारी माझ्या दारात येऊन पडलं आणि बिराजदारबाईंचं मशीन उभ्या अक्कलकोट रोडवर गाजलं. पुढं दोन वर्षं मला एकाही कारखान्यानं बोलावलं नाही. लोक म्हणायचे, जोडायला चांगली आहे, पण मोक्याला दगा देते. मी ऐकून घ्यायची. एकदा-दोनदा खरं काय ते अगदी जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं.

मामा दीड महिन्यानं कामावर आले. आजारी होतो, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. डोळा वाचला होता, पण डावी कड गेली ती गेलीच. माझी एक वायर ऑफिसात राहिली होती, ती न्यायचं निमित्त करून मी गेले. मामा ग्राफवर वाकले होते. अण्णा शेजारीच उभे होते, मला बघून त्यांनी तोंड वाकडं केलं.

“या. विचारा मामा तुमच्या अम्मालाच, काय झालं होतं त्या खोक्याला.”

मी दाराशी, मामांच्या डाव्या बाजूला उभी होते. मला बघायला त्यांना पूर्ण मान वळवावी लागली. त्यांनी मला रॅम काढताना पाहिलं होतं.

“काय झालं होतं अम्मा?”

“माझं चुकलं होतं, मामा,” मी म्हणाले. “बसवतानाच चुकलं होतं.”

मामांनी मान हलवली. “नव्या मशीनमधी होतं तसं,” ते म्हणाले. मग त्यांनी उजव्या हातानं शेजारचं स्टूल ओढलं, त्यावरची सुताची धूळ रुमालानं झटकली आणि तोच रुमाल भिंगावरून फिरवला.

“इकडं ये,” ते म्हणाले. “ह्या बाजूला बस. दिसशील.”